तिसऱ्या दिवशीचं पाणी

“वर सांडलेलं तिसऱ्या दिवशी माझ्या हंड्यात येतं, प्रोफेसरीणबाई. ध्यानात ठेव,” असं आत्या म्हणाली होती, आणि धाकटी सून हसली होती.

लग्नानंतरचा पहिला उन्हाळा होता तो. आत्या म्हणजे सासऱ्यांची थोरली बहीण. डोंगराच्या पायथ्याशी, झऱ्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत एकटी राहायची, म्हणून सगळ्यांच्या तोंडी ती ‘खालची आत्या’. नव्या सुनेने कॉलेजात मातीचा अभ्यास केलाय हे कळल्यावर तिला भारी मौज वाटली. “मातीचा अभ्यास? आणि परीक्षा कोण घेतं, गांडूळ?” असं म्हणून ती पोट धरून हसली, आणि मग काठी टेकत तिला उतारावर घेऊन गेली. अर्ध्या वाटेवर तिने कळशीतलं पाणी सरळ जमिनीवर ओतलं.

“मोज.”

धाकटीने मोजलं. पाच म्हणायच्या आत पाणी गायब. ना ओघळ, ना चिखल. दगड क्षणभर काळे झाले आणि उन्हात पुन्हा राखाडी. आत्याने काठीने उकरून दाखवलं. वीतभर खालीसुद्धा दगडच, मुठीएवढे, अंड्याएवढे, आणि त्यांच्या फटींत तपकिरी माती, जेमतेम चिमूट चिमूट.

“बटाट्यांच्या पोत्यात मूठभर पीठ सांडावं तशी,” आत्या म्हणाली. “मेंढीला ही सोन्यासारखी. कितीही पाऊस पडू दे, पायाखाली ओल राहत नाही, खुरं सडत नाहीत. गवत आखूड, पण मुळं माझ्या वेणीपेक्षा लांब. दगड उचलून बघ, त्याच्याखाली तेवढा ओलावा सापडेल. बाकी ही माती पोटात काही ठेवत नाही. तुझ्या सासऱ्यांनी एकदा मेंढ्यांना खुणा करायचा निळा रंग वर सांडला. डबाभर. तिसऱ्या दिवशी माझा चहा निळा!”

निळ्या चहाची गोष्ट धाकटीने नवऱ्याला सांगितली. दोघं खूप हसली. आत्याला तिखटमीठ लावायची सवयच आहे, असं नवरा म्हणाला, आणि गोष्ट तिथेच राहिली.

त्याला चार वर्षं झाली. आज आत्याला अखेरचा निरोप देऊन पाचवा दिवस होता, आणि सगळे तिच्याच स्वयंपाकघरात बसले होते.

चहाचं पाणी वरच्या घरून, म्हणजे धाकटीच्या सासरहून, कॅनमध्ये भरून आणलं होतं. आत्याचा हंडा कोपऱ्यात झाकून ठेवलेला होता आणि त्याच्याकडे बघायचं सगळेच टाळत होते. तिचा चष्मा खिडकीत होता तसाच, एक काडी दोऱ्याने बांधलेला. सासूबाई टेबलाशी बसल्या होत्या. नवरा भिंतीला टेकून उभा. थोरले दीर आत न येता उंबऱ्यावरच बसले होते, पायाशी कुत्रा घेऊन. आत्याने त्यांना नऊ वर्षांचे असल्यापासून वाढवलं होतं. सासूबाई त्या वेळी अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि बऱ्या झाल्यावर मुलगा काही परत गेला नाही. या घरातल्या निम्म्या भांडणांचं मूळ तेच. आत्याला ‘माझ्या पोराची आई’ असं सासूबाई हसत म्हणायच्या, आणि ते हसू कधीच पुरतं हसू नसायचं.

धाकटीची नजर मात्र सव्वा वर्षाच्या लेकीवर होती. पोर रांगत हंड्याकडे निघाली की ती उठायची, उचलून आणायची, पुन्हा बसायची. चार वेळा झालं.

नणंद शहरातल्या इस्पितळात नर्स होती. शेवटचे दोन दिवस आत्याच्या उशाशी तीच होती. तिने पर्समधून कागद काढला.

“आरोग्य खात्याचा आलाय,” ती म्हणाली. “झऱ्याच्या पाण्यात गोचीडनाशक सापडलं. मेंढ्यांना आपण ज्या पाण्यातून काढतो ना, तेच. मी म्हटलंच होतं. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. म्हातारपणाने कोणाच्या बाहुल्या अशा होत नाहीत.”

“औषध वर, ती खाली,” सासूबाई म्हणाल्या. “औषधाला पाय फुटले?”

“पाय कशाला लागतात, आई,” उंबऱ्यावरून थोरले म्हणाले. “उतार आहे की.”

“हौद कुठे रिकामा केलास, दादा?” नणंदेने विचारलं. विचारतानाच तिला उत्तर कळलं असावं, कारण तिने कागदाची घडी घातली.

“तिथंच. हौदाशेजारी.”

दर वर्षी लोकर कातरून झाली की कळपाला औषधाच्या पाण्यातून काढायचं, हे या घरचं मोठं काम. वर, मेंढ्यांच्या चराईच्या उतारावर, थोरल्यांच्या झोपडीशेजारी लांबट हौद होता. एकेक मेंढी त्यात ढकलायची, डोकं बुडवायचं, पलीकडून ती खोकत, अंग झाडत बाहेर. काम संपल्यावर हौदात उरायचं ते पिवळट, उग्र वासाचं पाणी. सासरे होते तोवर ते पिंपांत भरून ट्रॅक्टरने डोंगर उतरून पलीकडच्या सपाटीवर न्यायचे. तिथली माती चिकण, घट्ट. पाऊस पडला की पाणी आठवडाभर तिथेच बसून राहायचं, आणि आसपास विहीर नाही की घर नाही. एका खेपेला अर्धा दिवस जायचा. तीन खेपा व्हायच्या. सासरे गेल्यावरही थोरल्यांनी तीन वर्षं हा नेम मोडला नव्हता.

“बापाने आयुष्यभर खाली नेऊन टाकलं,” सासूबाईंचा आवाज चढला. “तुला एक दिवस नेववेना? ज्या बाईने तुला अंगाखांद्यावर खेळवलं, तिच्या डोक्यावर ओतलंस?”

“हो,” थोरले म्हणाले. “ओतलं.”

एवढंच. ट्रॅक्टर मोडला होता हे नाही. पाऊस भरून आला होता, हौद ओसंडला असता, हे नाही. आणि त्या दिवशी दुसऱ्या कोणी काय म्हटलं होतं, त्याबद्दल तर तोंडातून ब्रही नाही.

धाकटीने वर पाहिलं. भिंतीशी उभ्या नवऱ्याने अगदी हळू, दिसेल न दिसेलशी मान हलवली. नको.

ती लेकीला उचलून मागच्या अंगणात आली. पाठोपाठ नवरा आलाच.

“तू काही बोलणार नाहीस,” तो म्हणाला.

“तू होतास तिथे. तू ऐकलंस मी काय म्हटलं ते.”

“मी थट्टा पण केली होती. मग मलाही सुळावर द्या.” त्याने झऱ्याकडे पाठ फिरवली. कट्ट्यावर आरोग्य खात्याने लाल पाटी लावली होती : पाणी पिऊ नये. “हे बघ, दादाने ओढवून घेतलंय. त्याला एकट्याला पेलेल. तो वर राहतो, त्याला ना बायको, ना पोर. तुला मात्र रोज आईसमोर ताट वाढायचंय. आणि ताई? उद्या म्हणेल, हिच्या हातात पोर तरी कशी द्यायची.”

धाकटीला नेमकी हीच भीती होती. हे तो बरोबर ओळखून होता.

तो दिवस तिला तुकड्या-तुकड्यांनी आठवायचा. लेकीला सकाळपासून ताप. तिला खांद्यावर टाकून ती जेवणाचे डबे घेऊन वर गेली होती, कारण घरी तापाचं पोर कोणाजवळ ठेवायचा तिला धीर नव्हता. खाली ट्रॅक्टरचा आस मोडून पडलेला. पश्चिमेकडून आभाळ काळं होत आलेलं. थोरले हौदाच्या काठावर उभे, हातात नळी.

“काय करावं?” त्यांनी विचारलं होतं. “तुझं पुस्तक काय म्हणतं?”

“ओता इथेच, भाऊजी,” लेकीच्या कपाळावरचा हात न काढता ती म्हणाली होती. “माती गाळणीच असते.”

“आणि आत्याचा झरा?”

“किती खाली आहे तो! एवढ्या जमिनीतून जाताना सगळं गाळून निघतं.”

“घ्या! सर्टिफिकेट मिळालं,” नवरा म्हणाला होता, आणि तिघंही हसली होती. मग थोरल्यांनी नळी सोडली. पाणी जमिनीवर पडलं आणि तिथल्या तिथे नाहीसं झालं. किती स्वच्छ काम, असं तिला वाटलं होतं. ना डबकं, ना चिखल.

लेकीचं पाणी ती वीस मिनिटं उकळायची. दुधाची बाटली दोनदा धुवायची. पाळण्याच्या दोरीच्या गाठी रोज तपासायची. डोळ्यांत तेल घालून सगळीकडे बघणारी ती. पण वरच्या घरी नळ आल्यापासून झऱ्याचं पाणी आता कोणी पीत नाही, असं तिने मनात धरून टाकलं होतं. नळ नाकारणारी आत्या तिच्या हिशेबातच नव्हती. “नळाच्या पाण्याला नळाची चव येते,” असं म्हणून आत्याने त्या वर्षी घर डोक्यावर घेतलं होतं, ते सगळ्यांना आठवत होतं, आणि तरीही.

तिसऱ्या दिवशी थोरले रोजच्यासारखे दूध घेऊन आत्याकडे गेले, तेव्हा ती पायरीवर घामाने भिजून बसली होती. तोंडातून लाळ. “पोट बिघडलंय रे,” म्हणाली, “चहा ठेव.” त्यांनी ठेवला. झऱ्याच्या पाण्याचा.

आत्याला पोचवून घरी आल्यावर धाकटीने माळ्यावरची ट्रंक उघडून कॉलेजची वही काढली होती. पान सापडायला वेळ लागला नाही. तिच्याच गोल, नीटनेटक्या अक्षरात : *माती ही नैसर्गिक गाळणी होय.* आणि त्याच्याखाली, लाल पेनने दोनदा अधोरेखित : *अपवाद — डोंगरउतारावरील उथळ, दगडगोट्यांची, भराभर निचरा होणारी माती. येथे पाणी न गाळले जाता थेट झऱ्यास मिळते.* समासात तिने लिहिलं होतं : ‘परीक्षेला येणारच.’

“चल आत,” नवरा म्हणाला. “आणि शांत रहा. पोरीचा विचार कर.”

“तोच करतेय,” धाकटी म्हणाली.

आत सासूबाई आणि नणंद यांच्यात जुंपली होती. गंमत अशी, की आयुष्यभर आत्याशी तिरका व्यवहार ठेवलेल्या सासूबाई आज तिच्या बाजूने भांडत होत्या, आणि आत्याची लाडकी भाची भावाला सांभाळून घेत होती.

“त्याला मुद्दाम करायचं होतं का, आई?”

“मुद्दाम केलं असतं तर मी त्याला समजून घेतलं असतं! आळसाने केलं. आळसाने माणूस मारलं.”

“आई,” धाकटी म्हणाली.

“तू थांब गं.”

“आई, भाऊजींनी मला विचारलं होतं.”

नवऱ्याने डोळे मिटून घेतले. उंबऱ्यावरची पाठ ताठ झाली.

“ओतू का म्हणून विचारलं होतं. झऱ्याचं काय, तेही विचारलं. मी म्हटलं, ओता. म्हटलं, माती गाळते.” आपला आवाज इतका साधा, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसा येतोय, याचं तिला नवल वाटलं. “गाळत नाही. ही माती गाळत नाही. मी शिकले होते ते. आत्यांनी पण दाखवलं होतं, कळशी ओतून. मी हसले होते.”

कुणीतरी ओरडेल म्हणून ती वाट बघत राहिली. पोरीने टेबलाखालून चमचा शोधून काढला आणि जमिनीवर आपटायला सुरुवात केली. टण. टण.

“पाच दिवस,” सासूबाई शेवटी म्हणाल्या. “पाच दिवस हे पोटात ठेवून तू माझ्या पानात वाढत होतीस?”

“हो.”

“आणि तू?” हे लेकाला. नवरा खिडकीतल्या चष्म्याकडे बघत राहिला. “वा. म्हणजे सगळ्यांना माहीत. घरात आंधळी एक मीच.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “मी आयुष्यभर तिच्यावर जळले. माझा पोरगा तिने नेला म्हणून. आज पहिल्यांदा तिच्यासाठी भांडायला उभी राहिले, तर भांडू कोणाशी? घरात परकं कोणी नाहीच.”

नणंद धाकटीकडे बघत होती. इस्पितळात रोज वाईट बातम्या सांगणाऱ्या बाईची ती नजर, मऊ नाही आणि कठोरही नाही. ती वाकली, पोरीच्या हातातला चमचा न काढता तिला उचललं, आणि सरळ धाकटीच्या मांडीवर आणून ठेवलं. नवऱ्याने जे भय दाखवलं होतं, त्याचं उत्तर तेवढ्यात मिळालं. धाकटीला तेव्हा कुठे रडू आलं.

पण थोरले उठले होते.

“कशाला बोललीस?” ते म्हणाले. त्यांना तिने कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. आजही आवाज चढला नव्हता, नुसता फाटला होता. “नीट बसलं होतं ते माझ्याजवळ.”

“भाऊजी, तुम्ही विचारलंत म्हणून—”

“विचारलं! का विचारलं, ठाऊक आहे? कळत नव्हतं म्हणून नाही. निळा चहा मी प्यायलोय, धाकटे. दहा वर्षांचा होतो. आत्याने मला कप दाखवून म्हटलं होतं, बघ, डोंगर खोटं बोलत नाही. तुझं पुस्तक या घरात काल आलं. मला सगळं माहीत होतं. त्या दिवशी मी दमलो होतो, आणि मला कोणीतरी ‘हो’ म्हणायला हवं होतं. पोर तापलेली, तुझं लक्ष कपाळावर. तू हो म्हणशील हे मला माहीत होतं, म्हणून तुला विचारलं.”

ते आत आले. पाच दिवसांत पहिल्यांदाच. हंड्याशेजारची आत्याची कळशी त्यांनी उचलली, काखेत धरली, आणि कुत्र्याला शीळ घालून उताराच्या वाटेला लागले.

“दादा, कळशी कशाला?” नणंद दारातून ओरडली.

“पाणी प्यायला,” ते मागे न बघता म्हणाले.

याला आता तीन आठवडे होतील.

वर झोपडीत पाण्याची सोय नाही. पूर्वी थोरले वरच्या घरी नळावर यायचे. आता येत नाहीत. मात्र रोज उजाडताना झऱ्याच्या कट्ट्यावर, लाल पाटीच्या बरोबर खाली, कळशीच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलेलं असतं. दुसऱ्या तपासणीचा कागद अजून आलेला नाही. नणंद म्हणते, इथली माती विष तरी कुठे धरून ठेवणार, दोन-चार चांगले पाऊस झाले की धुऊन जाईल. पण गेलंय की नाही, हे कोणी सांगू शकत नाही.

सासूबाई दोनदा चढून गेल्या. नवरा रोज जातो. त्या दिवसापासून त्याने थट्टा केलेली नाही. पण उतार उघडा आहे, झाड नाही की झुडूप नाही. घरातलं कोणी चढू लागलं की अर्धा तास आधी वरून दिसतं. ही माणसं झोपडीशी पोचेपर्यंत कळप डोंगराच्या धारेपलीकडे गेलेला असतो, आणि दाराला कडी. परक्यांशी मात्र ते बोलतात. लोकरवाला वर जाऊन आला, त्याला त्यांनी चहा दिला. “बारीक झालेत जरा,” तो म्हणाला. “हात थरथरत होता. थंडी असेल.” कुठल्या पाण्याचा चहा, ते विचारायचं त्याला सुचलं नव्हतं. हात कधीपासून थरथरतो, हेही नाही.

धाकटी एक दिवसाआड नळाच्या पाण्याचे दोन कॅन वर नेऊन ठेवते. झोपडीच्या दाराशी, सपाट दगडावर. पुढच्या खेपेला ते रिकामे असतात, झाकण लावून नीट एका रेषेत ठेवलेले. पहिल्यांदा रिकामे दिसले तेव्हा ती आनंदाने तिथेच मटकन बसली. मग तिची नजर आजूबाजूच्या जमिनीवर गेली. कोरडे, राखाडी दगड. तिने बोटांनी उकरून पाहिलं, वीतभर खालपर्यंत. प्यायले असतील, किंवा तिथेच दारात ओतले असतील. ही माती सांगत नाही. पाच म्हणायच्या आत सगळं गिळते.

म्हणून तिचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुम्ही तिच्या घरचे नाही, तुम्हाला बघून ते निघून जाणार नाहीत. कधी त्या वाटेने खिंडीकडे चढलात, तर हौद लागतो तिथे डावीकडे वळा आणि झोपडीत डोकावा. कुत्रा भुंकतो, चावत नाही. तहान लागली म्हणा. ते कळशीला हात घालतात की कॅनला, ते बघा. बोलताना त्यांच्या डोळ्यांकडेही बघा, बाहुल्या केवढ्या आहेत ते. आणि उतरताना वरच्या घराशी थांबून सांगून जा. ती दारातच असेल.